आरटीडीचं हेड उघडण्याआधी: सॉल्व्हंटच्या प्लांटमध्ये नवीन लागलेल्यांसाठी

वेर्णा, कुंडई, पिळर्ण, कुंकळ्ळी, कुठल्याही इस्टेटीत फार्मा, पेंट नाहीतर दारूच्या बॉटलिंगच्या प्लांटमध्ये इन्स्ट्रुमेंटेशनला नवीन लागलात की सुरुवातीला जी कामं हातात येतात त्यात हे एक हमखास असतं, "अरे त्या रिअ‍ॅक्टरचं टेंपरेचर उड्या मारतंय, जरा हेड उघडून टर्मिनल टाइट करून ये." ऐकायला सोपं. हेड म्हणजे सेन्सरच्या वरची ती गोल डबी, जिच्यात आरटीडीच्या (तापमानाप्रमाणे रेझिस्टन्स बदलणारा सेन्सर) नाहीतर थर्मोकपलच्या (दोन धातूंच्या तारांचा सेन्सर) तारा येतात, आत टर्मिनल ब्लॉक किंवा छोटा ट्रान्समीटर (रीडिंगचा सिग्नल करून कंट्रोल रूमला पाठवणारा) असतो आणि बाजूच्या ग्लँडमधून, म्हणजे केबल घट्ट पकडणाऱ्या तोंडातून, केबल बाहेर जाते. झाकण फिरवायचं, दोन स्क्रू आवळायचे, झाकण लावायचं, झालं.

पण आजूबाजूला मिथेनॉल, टोल्युइन, अ‍ॅसिटोन, आयपीए (आयसोप्रोपिल अल्कोहोल) असलं काही असेल तर ती डबी म्हणजे ठिणगी आणि वाफ यांच्या मधली एकमेव भिंत असते, आणि ती भिंत कारखान्यातून आली तेव्हा कशीही असो, शेवटी ज्याने उघडून बंद केली त्याच्या हातावर ती टिकते. म्हणून हे सगळं लिहितोय. पूर्ण वाचा, आणि तरीही पहिली काही कामं अनुभवी माणसासोबतच करा, एकट्याने नाही.

आधी ड्रॉइंग मागा

प्रत्येक प्लांटचं एक एरिया क्लासिफिकेशनचं ड्रॉइंग असतं, असायलाच हवं. ते बहुतेक सेफ्टीवाल्यांच्या कपाटात असतं आणि नवीन माणसाला कुणी आपणहून दाखवत नाही, त्यामुळे मागून घ्या. त्यात तीन गोष्टी बघायच्या.

पहिली, झोन. गॅस किंवा वाफ सतत किंवा बराच वेळ असते तो झोन ०, म्हणजे साधारण टाकीच्या आतली मोकळी जागा. नेहमीच्या कामात अधूनमधून येऊ शकते तो झोन १. सहसा येत नाही आणि आलीच तर थोडा वेळ, तो झोन २. धुळीसाठी हेच २०, २१, २२. फार्मात धूळ विसरतात हो लोक, एफबीडी (फ्लुइड बेड) ड्रायर, मिल, सिफ्टर, तिथली पावडर पण हवेत उडाली की स्फोट करू शकते, आणि तिथल्या हेडवर धुळीचं मार्किंग वेगळं लागतं, नुसतं गॅसचं चालत नाही.

आता गंमत बघा, एकाच आरटीडीची दोन टोकं दोन झोनमध्ये असू शकतात. टोक टाकीच्या आत झोन ० कडे, डोकं बाहेर झोन १ मध्ये. मध्ये भिंत कसली, तर थर्मोवेलची, म्हणजे सेन्सर ज्या बंद तोंडाच्या धातूच्या नळीत बसतो तिची. म्हणून थर्मोवेल ही नुसती सेन्सर सांभाळायची नळी समजू नका.

दुसरी, गॅस ग्रुप. प्लेटवर रोमन दोन आणि पुढे ए, बी, सी छापलेलं असतं, बोलताना आपण टू-ए, टू-बी, टू-सी म्हणतो. प्रोपेन, टोल्युइन, अ‍ॅसिटोन, मिथेनॉल हे टू-ए मधले. इथिलीन, डायइथाइल ईथर टू-बी. हायड्रोजन आणि अ‍ॅसिटिलीन टू-सी, सगळ्यात वाईट. एपीआय (औषधाचा मूळ घटक बनवणाऱ्या) प्लांटमध्ये हायड्रोजनेशन होत असेल तर त्या भागात टू-बीचं हेड चालणार नाही, बाजूच्या रिअ‍ॅक्टरला तेच हेड वर्षानुवर्षं मस्त चाललंय म्हणून सांगितलं तरी. उलटं मात्र चालतं, टू-सीचं हेड टू-ए च्या जागी लावता येतं.

तिसरी, टेंपरेचर क्लास. टी१ म्हणजे पृष्ठभाग जास्तीत जास्त ४५० डिग्री, टी२ ३००, टी३ २००, टी४ १३५, टी५ १००, टी६ ८५. जो सॉल्व्हंट कमी तापमानाला आपोआप पेटतो त्याला टी चा वरचा आकडा लागतो. टोल्युइन ४८० च्या आसपास पेटतो, त्याला टी१ पुरतं. ईथर पावणेदोनशेच्या आसपास, त्याला टी४ लागतं. एका ब्लॉकमध्ये वेगवेगळे बॅच चालत असतील तर सगळ्यात कडक सॉल्व्हंट धरून हेड निवडायचं, आज काय चाललंय ते बघून नाही.

प्लेट वाचायला शिका, त्याशिवाय पाना हातात घेऊ नका

समजा प्लेटवर लिहिलंय, एक्स डीबी टू-सी टी६ जीबी (Ex db IIC T6 Gb). एक्स म्हणजे स्फोटक वातावरणासाठीचं उपकरण, डीबी म्हणजे फ्लेमप्रूफ, टू-सी ग्रुप, टी६ क्लास, आणि जीबी म्हणजे झोन १ आणि २ मध्ये चालेल. जीए असेल तर झोन ० पण चालतो, जीसी असेल तर फक्त झोन २. डी च्या जागी ई असेल तर इन्क्रीज्ड सेफ्टी, आयए किंवा आयबी असेल तर इन्ट्रिन्झिक सेफ्टी, टीबी असेल तर धुळीसाठी.

मग बघा टीए, म्हणजे आजूबाजूच्या हवेचं तापमान. काहीच लिहिलेलं नसेल तर उणे २० ते अधिक ४० डिग्री असं धरायचं. आपल्याकडे हवा ४० च्या वर फारशी जात नाही, पण पत्र्याखाली स्टीम लाइनच्या शेजारी हेडच्या भोवतीची हवा किती असते ते एकदा हात लावून नाही, थर्मामीटरने बघा. खूप हेडवर टी६ कमी टीए ला आणि टी४ जास्त टीए ला असं दोन ओळीत दिलेलं असतं, आपण फक्त वरची ओळ वाचतो आणि खूश होतो.

सर्टिफिकेट नंबरच्या शेवटी एक्स (X) हे एकच अक्षर असेल तर वापरायच्या काही खास अटी आहेत, त्या सर्टिफिकेटमध्ये लिहिलेल्या असतात, ते पान काढून वाचा. आणि शेवटी यू असेल तर जास्त सावध व्हा. यू म्हणजे तो नुसता कंपोनेंट आहे, रिकामी डबी. तिच्यात बाजारातून आणलेला आरटीडी आणि टर्मिनल ब्लॉक बसवला म्हणून पूर्ण सेन्सर सर्टिफाइड होत नाही, पूर्ण असेंब्लीचं सर्टिफिकेट वेगळं लागतं. स्वस्तात मिळालेल्या सेन्सरमध्ये हा घोळ बऱ्याचदा असतो, कोटेशनमध्ये "फ्लेमप्रूफ हेड" लिहिलेलं असतं आणि ते खोटंही नसतं, पण हेड फ्लेमप्रूफ आणि सेन्सर फ्लेमप्रूफ यात फरक आहे.

भारतात याच्या वर पेसोची मान्यता बघायची, पेट्रोलियम अँड एक्स्प्लोझिव्हज सेफ्टी ऑर्गनायझेशन, मुख्य ऑफिस नागपूरला, जुने लोक अजून सीसीओई (चीफ कंट्रोलर ऑफ एक्स्प्लोझिव्हज) म्हणतात. इम्पोर्टेड सेन्सरवर युरोपचं अ‍ॅटेक्स मार्किंग आहे एवढ्यावर इथे भागत नाही. प्लेट गंजून वाचता येत नसेल किंवा पेंटरने रंगवून टाकली असेल (आणि ती रंगवतातच), तर ते हेड काय आहे ते कुणालाच माहीत नाही असं धरा आणि वरिष्ठांना सांगा.

एफएलपी आणि आयएस, दोन वेगळे जीव

हे नीट समजलं की बाकी बरंच आपोआप समजतं.

फ्लेमप्रूफ म्हणजे आपलं एफएलपी. लोकांना वाटतं ती डबी हवाबंद असते आणि गॅस आत जातच नाही. जातो. दिवसा तापते रात्री थंड होते, आटे आहेत, थोडा गॅस आत जाणारच. कल्पना अशी आहे की आत स्फोट झाला तरी डबी फुटणार नाही, आणि ज्वाळा झाकणाच्या आट्यांमधून बाहेर येईपर्यंत त्या बारीक लांब वाटेत इतकी थंड होईल की बाहेरचा गॅस पेटणार नाही. म्हणजे सगळी सुरक्षा त्या आट्यांमध्ये आणि भिंतीच्या जाडीत आहे. एक आटा खराब, एक भोक जास्त, एक ग्लँड साधा, की ती डबी फक्त जड डबी उरते.

आयएस, म्हणजे इन्ट्रिन्झिक सेफ्टी, उलट आहे. तिथे डबीत फार काही नाही, सुरक्षा कंट्रोल रूममधल्या बॅरियरमध्ये आहे. बॅरियर व्होल्टेज आणि करंट इतका कमी ठेवतो की तार तुटली, शॉर्ट झाली, तरी ठिणगीत गॅस पेटवण्याइतकी ताकद नसते. हायड्रोजनला पेटायला सुमारे ०.०२ मिलीज्यूल पुरतात, मिथेनॉलच्या वाफेला ०.१४ च्या आसपास, म्हणजे २४ व्होल्टच्या साध्या लूपला (सेन्सरपासून कंट्रोल रूमपर्यंतच्या सर्किटला) "एवढ्याशा करंटने काय होतंय" म्हणू नका.

नुसता पीटी१०० (० डिग्रीला १०० ओहमचा आरटीडी) किंवा थर्मोकपल आयएस लूपमध्ये असेल तर त्याला सिंपल अ‍ॅपरेटस म्हणतात, स्वतः १.५ व्होल्ट, १०० मिलीअँप, २५ मिलीवॉटच्या वर काही तयार करत नाही म्हणून त्याला वेगळं सर्टिफिकेट लागत नाही. पण म्हणून काहीही चालतं असं नाही, त्याचा टेंपरेचर क्लास ठरवावा लागतो, आणि सर्किट अर्थपासून ५०० व्होल्टला वेगळं राहिलं पाहिजे. ग्राउंडेड जंक्शनचा (ज्याचं टोक बाहेरच्या धातूच्या आवरणाला जोडलेलं असतं असा) थर्मोकपल असेल तर ते राहत नाही, तिथे गॅल्व्हॅनिक आयसोलेटर लागतो, झेनर बॅरियर लावून मोकळं होऊ नका. हेडमध्ये ट्रान्समीटर असेल तर तो सर्टिफाइडच हवा आणि आकडे जुळवायचे: बॅरियरचे यूओ, आयओ, पीओ (बाहेर देऊ शकणारे व्होल्टेज, करंट, पॉवर) हे ट्रान्समीटरच्या यूआय, आयआय, पीआय (आत घेऊ शकणारे तेच) पेक्षा जास्त नकोत, आणि केबलची कपॅसिटन्स आणि इंडक्टन्स धरून बेरीज बॅरियरच्या सीओ, एलओ (परवानगी असलेल्या कपॅसिटन्स, इंडक्टन्स) मध्ये बसली पाहिजे. हे गणित इंजिनिअरने करून फाइलमध्ये ठेवलेलं असतं, तुम्ही फक्त एवढं बघा की बॅरियर किंवा ट्रान्समीटर बदलताना तोच मॉडेल नंबर लावताय.

आणखी एक. काही ट्रान्समीटरवर दोन्ही मार्किंग असतात, एफएलपी पण आणि आयएस पण. बसवताना आपण कुठलं वापरतोय त्यावर न पुसणारी खूण करायची. एकदा साध्या लूपवर एफएलपी म्हणून चालवलेला ट्रान्समीटर नंतर काढून आयएस लूपला लावायचा नाही, आतली सर्किट साध्या सप्लायने दुखावली असेल तर बाहेरून कळत नाही. स्टोअरमध्ये परत आलेल्या जुन्या ट्रान्समीटरला म्हणूनच मी जरा संशयाने बघतो.

माझं मत विचाराल तर टेंपरेचरसाठी जिथे जमेल तिथे आयएस. हेड हलकं, देखभाल सोपी, आणि आपल्या खाऱ्या हवेत एफएलपीच्या अ‍ॅल्युमिनियम झाकणाचे आटे जे धरून बसतात ते सोडवताना पाइप रेंच लावून लोक अख्खं हेड वाकडं करतात, तो प्रकारच टळतो. पण जुन्या प्लांटमध्ये एफएलपी आहे ते आहे, तिथे आपल्या मनाने बदल करायचा नाही.

डोकं तापतंय का बघा

थर्मोवेल २०० डिग्रीच्या हॉट ऑइलमध्ये असेल तर उष्णता धातूतून वर चढते. म्हणून थर्मोवेल आणि हेडच्या मध्ये ती मान दिलेली असते, निपल-युनियन-निपल. ती कमी केली, किंवा इन्सुलेशनवाल्याने ग्लासवूल आणि पत्रा मानेसकट हेडपर्यंत गुंडाळला, की हेड आतून शिजतं, टर्मिनल ब्लॉक पिवळा पडतो आणि टी६ फक्त प्लेटवर उरतं. इन्सुलेशनचं काम झालं की एक चक्कर मारून बघा मान उघडी आहे का. इतकं सोपं काम आहे आणि इतकं क्वचित होतं. आणि प्रोसेसच टेंपरेचर क्लासच्या वर असेल तर तिथे टी६ च्या हेडचा काही उपयोग नाही, कारण गरम फ्लँजच गॅसला पेटवू शकते, तो विषय इन्स्ट्रुमेंटवाल्याचा राहत नाही, प्रोसेसवाल्यांकडे न्यायचा.

ग्लँड, प्लग, आटे

हेडवरचा एक्स (Ex) नुसत्या हेडचा नसतो, ग्लँड आणि रिकाम्या भोकाचा प्लग धरून असतो. आपल्याकडे डबल कॉम्प्रेशन ग्लँड म्हटलं की लोकांना वाटतं एफएलपी झालं. नाही. डबल कॉम्प्रेशन ही बांधणी आहे, सर्टिफिकेट आहे का ते ग्लँडच्या अंगावर कोरलेलं असतं, ते बघा, आणि ग्रुप हेडइतकाच किंवा वरचा हवा.

हेडला दोन केबल एंट्री असतील तर दुसरीत येताना लाल किंवा काळं प्लास्टिकचं बूच लावलेलं असतं. ते फक्त वाहतुकीत धूळ जाऊ नये म्हणून. ते तसंच ठेवून वर्षानुवर्षं चालवलेली हेड तुम्हाला दिसतील. एफएलपी हेडमध्ये तिथे सर्टिफाइड धातूचा स्टॉपिंग प्लगच लागतो.

एम२० ची एंट्री आणि अर्धा इंच एनपीटीचा ग्लँड, हे दोन फेरे फिरतात आणि मग अडकतात, लोकांना वाटतं बसला. नाही बसला. एंट्रीजवळ कोरलेलं असतं ते वाचा. गरज असेल तर सर्टिफाइड अ‍ॅडॉप्टर, एका एंट्रीला एकच, अ‍ॅडॉप्टरवर अ‍ॅडॉप्टर लावायचा नाही आणि अ‍ॅडॉप्टर लावून त्यात प्लगही नाही. एफएलपीत समांतर आट्यांचे कमीत कमी पाच पूर्ण आटे गुंतले पाहिजेत, मोजत जा. टेफ्लॉन टेप पाण्याच्या नळाला ठीक, इथे निर्मात्याने स्पष्ट सांगितलं नसेल तर नको.

आणि सेन्सर थर्मोवेलशिवाय टाकीत घालायचा नाही, सर्टिफिकेटमध्ये तशी परवानगी नसेल तर, विशेषतः स्प्रिंगवाला इन्सर्ट, कारण एफएलपीत खालची बाजू पण वरच्याइतकीच बंद लागते.

उघडायच्या दिवशी

परमिट घ्या. एफएलपी हेड सप्लाय चालू असताना झोनमध्ये उघडायचं नाही, झाकणावर तसं लिहिलेलंच असतं, आणि काहींवर सप्लाय बंद केल्यावर किती मिनिटं थांबायचं ते पण. आयएस लूपचं हेड चालू असताना उघडता येतं, पण मीटर, कॅलिब्रेटर पण त्या एरियासाठी सर्टिफाइड हवेत, आणि परमिट तरीही हवंच. मोबाइल गेटवर.

त्याआधी, आणि हे पुस्तकात फारसं ठळक नसतं म्हणून इथे लांब लिहितोय, ऑपरेटरला फोन करा. त्या टेंपरेचरवर काय काय चालतं ते विचारा. तार सुटली की बहुतेक ट्रान्समीटर रीडिंग एकदम वर किंवा एकदम खाली पाठवतात, कसं ते सेटिंगवर आहे. वर गेलं तर इंटरलॉक (धोका दिसला की प्लांट आपोआप थांबवणारी व्यवस्था) ट्रिप होऊन बॅच अडकेल. खाली गेलं तर कंट्रोलरला वाटेल रिअ‍ॅक्टर थंड पडलाय आणि तो स्टीम व्हॉल्व्ह उघडत जाईल, तुम्ही वर शांतपणे स्क्रू आवळताय आणि खाली सॉल्व्हंट उकळतोय. म्हणून लूप मॅन्युअलवर, इंटरलॉक बायपास लागत असेल तर तो लेखी आणि सहीने, आणि काम झाल्यावर परत काढलाय याची पण सही. रिअ‍ॅक्शन चालू असताना शक्यतो हात लावूच नका, बॅच संपू दे.

मग कंट्रोल रूममध्ये किंवा मार्शलिंग पॅनेलमध्ये (फील्डच्या केबल जिथे एकत्र येतात तिथे) जाऊन फ्यूज टर्मिनल खरोखर उघडा, स्क्रीनवर लूप बंद केला म्हणजे सप्लाय गेला असं नसतं. टॅग लावा, लॉक लावता येत असेल तर लॉक. सेन्सरचा टॅग नंबर दोनदा जुळवा, ड्रॉइंगवर एक आणि हेडवर दुसरा असं जुन्या प्लांटमध्ये निघतं.

झाकण काढण्याआधी गॅस डिटेक्टरने हेडच्या भोवती तपासा, परमिटवर लिहिलेल्या मर्यादेत आहे ना बघा. झाकण सैल करताना चेहरा बाजूला. पहिले दोन फेरे हळू, आणि आतून सॉल्व्हंटचा वास आला किंवा फुस्स झालं तर थांबा, परत आवळा आणि खाली उतरा. याचा अर्थ बहुतेक वेळा थर्मोवेलला तडा गेलाय आणि प्रोसेस वर हेडपर्यंत आलंय, आणि तिथून केबलमधून ते पुढे पॅनेलपर्यंतही जाऊ शकतं. हे टर्मिनल टाइट करायचं काम राहिलं नाही, हे शटडाऊनचं काम आहे.

आतलं काम

आत बघा. पाणी, पांढरी पावडर, हिरवट तांबं, मुंग्या (हसू नका, मुंग्यांना ही हेड फार आवडतात). सुके, स्वच्छ, घट्ट, एवढंच पाहिजे. तारेचे सुटे केस बाहेर आलेले नकोत, फेरूल (तारेच्या टोकाला लावायची धातूची छोटी नळी) क्रिंप करून लावा, एका टर्मिनलखाली दोन तारा कोंबू नका. तीन तारांच्या आरटीडीत दोन एका रंगाच्या असतात, बहुधा लाल, आणि एक वेगळी. रीडिंग सतत काही डिग्री चुकीचं येत असेल तर आधी हे बघा, सेन्सर बदलण्याआधी.

आयएस आणि साधं सर्किट एकाच हेडमध्ये शक्यतो आणूच नका, आणलंच तर दोघांच्या टर्मिनलमध्ये ५० मिमी अंतर किंवा मध्ये पार्टिशन. आयएसची केबल, टर्मिनल निळ्या रंगाची ठेवतात, तोच रंग दुसऱ्या कामाला वापरू नका.

अर्थ दोन असतात, आतला आणि बाहेरचा. बाहेरच्या स्क्रूला कमीत कमी ४ चौरस मिमीची तार बसेल अशी सोय असते, ती रिकामी सोडू नका, स्ट्रक्चरला जोडा. केबलची आर्मर (तारांचं धातूचं कवच) ग्लँडमध्ये नीट पकडलेली असू दे. केबलची स्क्रीन (शील्ड) मात्र सहसा एकाच बाजूला, कंट्रोल रूमकडे अर्थ करतात, हेडमध्ये ती इन्सुलेट करून ठेवायची, कापून मोकळी नाही. झेनर बॅरियर असेल तर त्याचा आयएस अर्थ १ ओहमच्या आत लागतो, तो तुमच्या पॅनेलवाल्याने मोजलेला असतो ना, एकदा विचारा.

सेन्सर तपासताना पीटी१०० चे आकडे लक्षात ठेवा: ० डिग्रीला १०० ओहम, १०० ला १३८.५, आणि आपल्या नेहमीच्या ३० डिग्रीला १११.७ च्या आसपास. मेगर (जास्त व्होल्टेजने इन्सुलेशन तपासायचा मीटर) झोनमध्ये तसाच मारायचा नाही, परमिटमध्ये तसं लिहिलेलं आणि गॅस नाही हे तपासलेलं असेल तरच, आणि ट्रान्समीटर सोडवून, नाहीतर तो गेला.

बंद करताना

माझ्या मते अर्ध्याहून जास्त बिघाड इथे होतो, कारण काम संपलं म्हणून घाई असते आणि चहाची वेळ झालेली असते. झाकणाचे आटे कापडाने पुसा, वायर ब्रश किंवा सॅंडपेपर नाही, एक खरड पडली तरी वाट बदलते. निर्मात्याने सांगितलेलं न सुकणारं ग्रीस पातळ हाताने लावा. ओ-रिंग चपटी झाली असेल किंवा तडे असतील तर नवी, तीच साइज, तेच मटेरियल. झाकण हाताने सरळ बसवा, पहिला फेरा उलटा फिरवून आटा सापडला की मग पुढे, तिरकं बसवून पान्याने ओढू नका. पूर्ण आत गेलं की लॉकिंगचा छोटा अ‍ॅलन स्क्रू आवळा, हा स्क्रू प्लांटमधल्या निम्म्या हेडवर गायब असतो आणि कुणाला ते महत्त्वाचं वाटत नाही. आटा गेलेलं, तडा गेलेलं, वाकलेलं हेड वेल्डिंग, एम-सील, टॅप मारून सुधारायचं नाही, बदलायचं.

पावसाळा हा वेगळा विषय आहे

गोव्यात वर्षाला सुमारे ३००० मिमी पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक जून ते सप्टेंबर. वास्कोकडे समुद्राची खारी हवा पण. बाहेरच्या हेडला आयपी६६ (धूळ आणि पाण्याचा जोराचा मारा आत येऊ न देणारं) असं लिहिलेलं असतं, पण ते नव्या ओ-रिंगला आणि नीट आवळलेल्या ग्लँडला. फ्लेमप्रूफ आणि वॉटरप्रूफ एक नाही हेही लक्षात असू दे. आटे स्फोटासाठी आहेत, पाणी ओ-रिंग अडवते.

केबल हेडमध्ये वरून उतरत असेल तर पाणी तारेवरून सरळ ग्लँडमध्ये येतं. केबलला हेडच्या खाली जाऊन परत वर येणारा वळसा द्या म्हणजे पाणी तिथून गळून जातं, आणि जमेल तिथे ग्लँडचं तोंड खाली किंवा बाजूला. आत पाणी साचतं म्हणून काही लोक हेडला खालून ३ मिमीचं भोक पाडतात. हे बघितलं तर लगेच सांगा, त्या भोकाने हेडचं सर्टिफिकेट संपलं, कितीही चांगल्या हेतूने पाडलं असलं तरी. पाणी काढायचंच असेल तर सर्टिफाइड ब्रीदर-ड्रेन मिळतो, आणि तोही फक्त हेडच्या सर्टिफिकेटमध्ये त्याची परवानगी आणि त्यासाठी एंट्री असेल तरच. प्लॅस्टिकची पिशवी बांधू नका, आत घाम धरतो, आणि कोरड्या दिवसात तिच्यावर स्टॅटिक पण बसतो. किनाऱ्याजवळ नवीन घेताना स्टेनलेस ३१६ चं हेड मागा, महाग वाटतं पण अ‍ॅल्युमिनियमवर पांढरे फोड आले की कळतं. रंग देताना आट्यांवर, फ्लेम पाथवर (ज्वाळा थंड करणाऱ्या त्या वाटेवर) रंग नको, आणि थरावर थर चढवून जाड करू नका, टू-सी एरियात रंगाचा थर ०.२ मिमीच्या वर गेला की स्टॅटिकचा प्रश्न येतो.

इन्स्पेक्शनचे तीन स्तर आहेत, नुसतं नजरेने, जवळून पण न उघडता, आणि पूर्ण उघडून. पूर्ण प्लांटची इन्स्पेक्शन तीन वर्षांच्या आत फिरून यायला हवी असं स्टँडर्ड म्हणतं, पण आपल्याकडे बाहेरची हेड मे महिन्यात जवळून आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आसपास शटडाऊन मिळाला तर काही नमुन्याला उघडून, असं केलं तर खरं काय ते कळतं. "मागीर पळोवया" (नंतर बघूया) हे उत्तर मिळेल, तरी रजिस्टरमध्ये टॅग नंबरसकट नोंद करून ठेवा, कारण पुढचा माणूस आणि फॅक्टरी इन्स्पेक्टर दोघेही रजिस्टरच बघतात.

स्पेअर मागवताना

इंडेंटवर (स्टोअरला द्यायच्या मागणीपत्रावर) "आरटीडी हेड, १ नग" एवढं लिहिलं तर स्टोअर सगळ्यात स्वस्त वेदरप्रूफ हेड आणून देईल आणि ती त्याची चूक नाही. लिहा पूर्ण: एरियाचा झोन, गॅस ग्रुप, टेंपरेचर क्लास, एफएलपी की आयएस, टीए, हेडचं मटेरियल, आयपी, केबल एंट्री किती आणि एम२० की अर्धा इंच एनपीटी, मान किती मिमी, थर्मोवेलचं कनेक्शन, आणि पूर्ण असेंब्लीचं सर्टिफिकेट आणि पेसो मान्यतेची कॉपी मालासोबत. सोबत ग्लँड, प्लग, त्या मॉडेलच्या दोनचार ओ-रिंग आणि लॉकिंग स्क्रू पण टाका, मेच्या आधी, कारण जूनमध्ये सगळ्यांनाच एकदम लागतात.